दोष हातात नव्हता

दार उघडलं आणि आधी वास आला. बंद पिशवीत विसरलेल्या भाजीसारखा, आंबूस. मोबाइलचा टॉर्च लावून आत गेले. रॅकवरची पानं हिरवी दिसत होती, म्हणून क्षणभर बरं वाटलं. एका रोपाला बोट लावलं. वरचा अर्धा भाग क्लिपसकट ट्रेमध्ये आडवा पडला. जोडाच्या जागी काळा, चिकट पट्टा. दुसऱ्याला बोट लावलं. तेच. तिसऱ्याला लावलं नाही.

वांग्याच्या कलमांची ही दुसरी खेप होती. पहिली थोडी गेली होती. ही बहुतेक सगळीच गेली.

मी सोनाळ्याजवळच्या एका भाजीपाला नर्सरीत ग्रोइंग इन-चार्ज आहे. म्हणजे बी ट्रेमध्ये पडल्यापासून रोप शेतकऱ्याच्या गाडीत चढेपर्यंत ते जगवणं माझं काम. कृषी पदविका केली, नंतर बारा वर्षं याच कामात गेली. मिरची, टोमॅटो, कोबी, वांगी, सगळी रोपं हाताखालून गेलीत. पण कलम आम्ही त्या वर्षी पहिल्यांदा करत होतो.

कलम कशासाठी, ते सांगते. एकाच वावरात पुन्हा पुन्हा वांगी घेतली की झाडं उभ्या उभ्या सुकतात. त्याला मर म्हणतात. तो रोग मातीत राहतो आणि मुळांतून वर चढतो. रानवांग्याची मुळं त्याला सहज दाद देत नाहीत. म्हणून खाली रानवांगं, वर भरताचं वांगं. दोन्ही रोपं काडीएवढी जाड झाली की ब्लेडने तिरपी कापायची, काप कापाला टेकवायचा आणि वर सिलिकॉनची बारीक क्लिप बसवायची. एवढंच. पण खरी परीक्षा पुढे असते.

वरच्या तुकड्याला आता मूळ नाही. पाणी पिता येत नाही. जोड भरून यायला पाच-सात दिवस लागतात. तेवढे दिवस त्याला सुकू द्यायचं नाही आणि भिजूही द्यायचं नाही. ज्या पेशंटला पाणी पाजायची मनाई असते, त्याच्या ओठांना आपण ओला बोळा लावतो ना, तसं. हवेतच एवढा ओलावा ठेवायचा की पान आपल्यातलं पाणी सोडणार नाही. उजेडही सुरुवातीला अगदी कमी, कारण उजेड मिळाला की पान कामाला लागतं आणि पाणी मागतं. या सगळ्यासाठी जी बंद खोली असते तिला हीलिंग रूम म्हणतात.

आमची हीलिंग रूम पुण्याच्या एका कन्सल्टंट सरांनी उभी करून दिली होती. आतून प्लॅस्टिक, स्टीलचे चार खणी रॅक, प्रत्येक खणाखाली एलईडी पट्ट्या, मागच्या भिंतीला फॉगर. फॉगर म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र. भिंतीवर ह्युमिडिटी मीटर, त्याला जोडलेला कंट्रोलर. हवेतला ओलावा नव्वदच्या खाली गेला की फॉगर आपोआप सुरू. दारावर लॅमिनेट केलेला चार्ट. कोणत्या दिवशी किती उजेड, किती ओलावा, सगळं लिहिलेलं. पहिली खेप थोडी गेली तेव्हा सर फोनवर म्हणाले होते, "मीटर कमी दाखवतंय ना? मग ह्युमिडिटी कमी पडतेय. फॉगरचा वेळ वाढवा." मी वाढवला. त्याचं फळ हे समोर होतं.

नर्सरीचे मालक विलासभाऊ चप्पल न काढताच आत आले. वाकून एक ट्रे पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, हे बी गेलं? आता त्या शेतकऱ्याईले काय सांगू मी?"

"आधी कारण शोधू. एकही ट्रे हलवू नका, भाऊ. फेकायचा तर नाहीच."

"सर उद्या येऊन राह्यले. तेच पाह्यतीन."

दुसऱ्या दिवशी सर शेगावला उतरले, दर्शन घेऊन अकराच्या सुमारास नर्सरीवर आले. माणूस कामाचा होता, हे मी आधीच सांगते. चार-पाच रोपं उपटून जोड उभे चिरले, भिंगातून पाहिले, वास घेतला. मग म्हणाले, "सॉफ्ट रॉट. जिवाणूंचं इन्फेक्शन. कापताना गेलंय आत. ग्राफ्टिंग कोण करतं?"

आमच्याकडे पाच बायका कलम करत. शकुंतलाबाई सगळ्यांत मोठी, पंचावन्नच्या आसपासची. आयुष्यभर निंदण, वेचणी केलेली, पण ब्लेड धरायला लागल्यापासून तिच्या हाताला वेगळंच वळण आलं होतं. तिचा काप पाहिला की कागद कापल्यासारखा वाटायचा. बाकीच्या चौघी तिच्याकडे बघून शिकल्या. त्यांतली प्रमिला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत भरभर हात चालणारी.

सरांनी पाचही जणींना पॅकिंग शेडमध्ये उभं केलं. म्हणाले, "हात दाखवा."

पाच जणींनी हात पुढे केले. शाळेत नखं तपासतात तसं ते एकेकीसमोरून गेले. नखं कापलेली होती. आम्ही रोज साबण आणि स्पिरिट वापरत होतो, दर ट्रेला ब्लेड बदलत होतो. मी तसं सांगितलंही.

"ते तुम्ही सांगता," सर म्हणाले. मग विलासभाऊंकडे वळून, "या कुठून येतात?"

"इथल्याच. वस्तीवरच्या."

सरांनी मान हलवली. समजलं, अशी. "मग कठीण आहे. स्पिरिट देऊन होत नाही, भाऊ. स्वच्छतेची सवय लागायला पिढ्या जातात. माझ्या ओळखीचा एक ठेकेदार आहे, ट्रेन केलेल्या मुली पाठवतो. सोमवारपासून त्यांना बोलवा."

त्या शेडमध्ये पंखा फिरत होता, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी बोलले नाही. का बोलले नाही, याचं उत्तर मी नंतर खूप वेळा शोधलं. पगार जायची भीती होती, मुलगी अकोल्याला शिकते. पण नुसती ती नव्हती. असलं वाक्य एवढ्या सहज, इतक्या शांत आवाजात येतं, की ऐकणाराच गोंधळतो.

सर आणि भाऊ ऑफिसात गेले. बायकांनी हात खाली घेतले. शकुंतलाबाईने पदराने ते उगीचच पुसले आणि मला म्हणाली, "वंदनाताई, तू काऊन बोलली नाई?"

मी म्हणाले, "बोलते."

"आता काय बोलतं? सोमवारपासून नको मनलं ना आमाले."

"आज शुक्रवार आहे," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, टायमरवर लाइट लागायच्या आधी, मी हीलिंग रूममध्ये गेले. दार लावून स्टूलवर बसले. ठरवलं होतं की तासभर काही करायचं नाही, नुसतं पाहायचं. पाच मिनिटांत मानेवर थंड थेंब पडला. वर टॉर्च मारला. छताचं सपाट प्लॅस्टिक घामाने डबडबलं होतं. थेंब फुगत होते, एकमेकांत मिसळत होते आणि टपकत होते. थेट वरच्या खणातल्या कलमांवर.

मग उठले आणि ट्रे मोजायला लागले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओलाव्यात मार्करची अक्षरं पुसली जातात, म्हणून आम्ही प्रत्येकीच्या ट्रेला लोकरीचा धागा बांधत होतो. शकुंतलाबाईचा लाल, प्रमिलाचा पिवळा, असे पाच जणींचे पाच रंग. मी वहीत रॅकचं चित्र काढलं आणि कोणत्या खणात कोणत्या रंगाचा ट्रे, मेला की जगला, ते भरत गेले.

वरचा खण पूर्ण मेलेला. त्यात पाचही रंग. मागच्या भिंतीजवळ, फॉगरच्या तोंडाशी, सगळे खण मेलेले. तिथेही पाचही रंग. दाराजवळच्या खालच्या खणांत मात्र काही ट्रे बरे होते. आणि तिथेही लाल होता, पिवळा होता, बाकीचे तिन्ही होते.

एकाच बाईचा एक ट्रे दाराशी जगला होता आणि एक मागे कुजला होता. हात तोच. जागा वेगळी.

राहिला प्रश्न मीटरचा. ते दाराच्या चौकटीला लागून टांगलेलं होतं. दाराखाली बोटभर फट. बाहेर मार्चची कोरडी हवा. मी सावलीच्या जाळीखालच्या शेडनेटमधलं दुसरं मीटर आणून रॅकच्या मधोमध ठेवलं. अर्ध्या तासाने पाहिलं. भिंतीवरचं अठ्ठ्याहत्तर दाखवत होतं, मधलं नव्व्याण्णव. म्हणजे दाराशी बसलेलं मीटर सारखं सांगत होतं, कोरडं आहे, कोरडं आहे. आणि फॉगर बिचारा ते ऐकून आधीच भिजलेल्या खोलीत आणखी पाणी ओतत होता. दिवसभर लाइटने हवा गरम व्हायची, संध्याकाळी लाइट बंद झाले की थंड व्हायची, आणि ते सगळं पाणी छताला जमून कलमांवर पडायचं. चिरलेल्या जोडावर पाणी साचलं तर जिवाणू शिरणारच. ते बायकांच्या नखांतून यायची गरज नव्हती.

वही घेऊन मी ऑफिसात गेले. सर शेगावच्या लॉजवरून येऊन चहा घेत होते. मी वही टेबलावर उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं.

सरांनी वही पाहिली. "इंटरेस्टिंग आहे. पण हा पुरावा नाही. इन्फेक्शन सगळीकडे असू शकतं, ओलावा जास्त तिथे ते वाढलं, एवढंच यातून दिसतं. मूळ कारण हातच."

"मग ट्रायल घेऊ."

"कसली?"

"पाचही जणी प्रत्येकी दोन ट्रे करतील. एक ट्रे तुमच्या खोलीत, तुमच्या चार्टप्रमाणे. दुसरा मी बाहेर माझ्या पद्धतीने ठेवते. हातात दोष असेल तर दोन्हीकडे मरतील."

विलासभाऊ खुर्चीत सरसावले. "ताई, अजून रोपं मारायची काय? पुरे झालं ना आता. तुमी काऊन एवढं मनाले लावून घेऊन राह्यल्या?"

"कारण मीही वस्तीवरचीच आहे, भाऊ."

भाऊंना हे माहीत होतं, सरांना नव्हतं. मी सरांकडे पाहून पुढे बोलले. "पिढ्यांचं म्हणालात काल. तर माझी पिढी धरून बोला. बारा वर्षं या नर्सरीची रोपं याच हातांनी जगवलीत. आणि सर, या ट्रायलमध्ये तुम्हीही दोन ट्रे करायचे. तुमच्या हातांनी. तुमचे हात तर स्वच्छ आहेत."

"ताई!" भाऊ ओरडलेच. "सरांशी कसं बोलता?"

"ट्रायलमध्ये बायकांची चूक निघाली तर त्यांच्यासोबत माझा राजीनामा घ्या. आत्ता लिहून देते."

सरांनी कप खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "करतो मी. ट्रायलला कशाला घाबरायचं?" हेही त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

खोलीबाहेरची माझी पद्धत म्हणजे काही मोठं शास्त्र नव्हतं. पॅकिंग शेडच्या सावलीच्या कोपऱ्यात जमिनीवर वाळू पसरली आणि ती चांगली भिजवली. तिच्यावर विटा, विटांवर ट्रे. वर पीव्हीसी पाइपचा तंबू, पण माथा टोकदार, झोपडीच्या छपरासारखा. मुद्दा तोच होता. आत घाम आला तरी थेंब उतारावरून बाजूला ओघळावा, रोपावर पडू नये. आत दोन्ही बाजूंना धुतलेली गोणपाटं ओली करून टांगली, रोपांना लागणार नाहीत अशी. मधोमध मीटर. बाहेरून काळ्या शेडनेटच्या घड्या, अंधारासाठी. पाणी वरून द्यायचंच नाही. कलम करायच्या आधी ट्रे दहा मिनिटं पाण्यात ठेवून कोकोपीट खालूनच भिजवून घेतलं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आमची रोपं मातीत नसतात, त्यात असतात. एकदा भिजलं की चार दिवस पाणी सोडत नाही.

रविवारी सकाळी सगळे कलमाला बसले. एका ओळीत पाच बायका आणि टोकाला हातमोजे घातलेले सर. सगळ्यांना एकच साबण, एकच स्पिरिट, नव्या ब्लेड. मी मधे उभी. सरांचा हात खरंच चांगला होता, फक्त संथ. प्रमिलाचे दोन ट्रे झाले तेव्हा त्यांचा पहिला अर्ध्यात होता. ती तोंडाला पदर लावून हसली. शकुंतलाबाई हसली नाही. ती अधूनमधून नुसती सरांच्या क्लिपकडे बघत होती.

सरांच्या ट्रेला पांढरा धागा बांधला. सहा ट्रे खोलीत, सहा तंबूत. सर पुढच्या रविवारी येतो म्हणाले आणि दुसऱ्या कामाला निघून गेले. खोलीची किल्ली भाऊंनी आपल्याजवळ ठेवली. बायकांचा सोमवारचा प्रश्न आठवडाभर पुढे गेला. ठेकेदाराच्या मुलींना भाऊंनी थांबायला सांगितलं, पण नको असं सांगितलं नाही.

सोमवार बरा गेला. मंगळवारी दुपारी वारा सुटला. कोरडा, गरम, तोंडावर भट्टी उघडल्यासारखा. दीड वाजता तंबूचा कोपरा उचलून पाहिलं तर सहाही ट्रेंमधली पानं माना टाकून होती. मीटर बहात्तरवर. नेमके त्याच वेळी भाऊ तिथे आले.

"गेली ना ताई? म्या मनलं होतं."

प्रमिला स्प्रे पंप घेऊन धावत आली. तिने नोझल तंबूत घातलंच होतं, तोच शकुंतलाबाईने तिचं मनगट धरलं.

"काय करून राह्यली बे? त्याईच्या अंगावर पानी नको टाकू. वाळू भिजव. पोते भिजव. त्याईले नुसता गारवा पाह्यजे."

"पण मावशी, मरून राह्यले ना ते!"

"नाई मरत. दम धर."

माझाही हात शिवशिवत होता, हे कबूल करते. डोळ्यांसमोर रोप माना टाकतं तेव्हा झारी उचलण्यापासून स्वतःला थांबवणं, या कामातली हीच सगळ्यात अवघड गोष्ट. निम्मी रोपं लोक दयेपोटी मारतात. आम्ही वाळूवर बादल्या ओतल्या. गोणपाटं पुन्हा भिजवली. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री उभी केली, शेडनेटची आणखी एक घडी टाकली, कडा विटांनी दाबल्या. आणि तंबू बंद करून बाहेर बसलो. उघडून बघायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं.

चार वाजता उघडलं. मीटर त्र्याण्णव. पानं उठली होती. सगळी नाही, पण बहुतेक. भाऊ तेव्हा पुन्हा चक्कर मारून गेले. ताडपत्रीची एक सुटलेली कड त्यांनी स्वतः पायाने विटेखाली सरकवली.

बुधवारी शेडनेटची एक घडी काढली, थोडा उजेड दिला. शुक्रवारी तंबूची दोन्ही टोकं दहा मिनिटं उघडली आणि पानांकडे बघत उभे राहिलो. माना टाकल्या नाहीत. शनिवारी अर्धा तास. याला सवय लावणं म्हणतात. बंद खोलीत जगलेलं रोप एकदम उन्हात काढलं तर ते तासाभरात संपतं. त्याला रोज थोडी थोडी बाहेरची हवा चाखवावी लागते.

रविवारी सर आले. भाऊंनी किल्ली काढली, खोली उघडली. मी मुद्दाम मागे राहिले.

वास दारापर्यंत आला.

सरांनी सहाही ट्रे बाहेर आणून टेबलावर मांडायला सांगितले. लाल, पिवळा, बाकीचे तीन आणि पांढरा. त्यांनी आधी पांढऱ्या धाग्याच्या ट्रेला हात घातला. एक रोप उचललं. जोड काळा. दुसरं उचललं, तिसरं उचललं. पन्नासातली जेमतेम आठ-दहा उभी होती. बायकांच्या ट्रेंतही जवळपास तेवढीच. मग तंबूतले सहा ट्रे शेजारी ठेवले. त्यांतही काही मेली होती, पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी. बाकी सगळी ताठ. तंबूतल्या सरांच्या ट्रेमधलीही.

सरांनी दोन्हीकडचे ट्रे पुन्हा मोजले. मग खोलीत जाऊन वर पाहिलं. बाहेर येऊन चष्मा पुसला, कारण त्यावर थेंब पडला होता.

"ड्रिप आहे," ते म्हणाले. "छताला उतार द्यावा लागेल. सेन्सरची जागाही बदलू."

"आणि हात?" मी विचारलं.

"हात ठीक आहेत."

"मला नका सांगू. त्या तिकडे उभ्या आहेत."

ते वळले. पाचही जणी शेडच्या खांबाशी उभ्या होत्या. सर त्यांच्याकडे चालत गेले. चार पावलांचं अंतर, पण त्यांना बराच वेळ लागला. म्हणाले, "तुमच्या कामात चूक नव्हती. मी घाईने बोललो."

शकुंतलाबाई टेबलाकडे गेली. तंबूतला पांढऱ्या धाग्याचा ट्रे ओढला आणि त्यातली दोन सुकलेली रोपं काढून त्यांच्यासमोर धरली.

"सर, तुमचा हात चांगला आहे," ती म्हणाली. "पन क्लिप ढिली बसते तुमची. हे पाहा, वरचं खालच्याले टेकलंच नाई. मधात हवा राह्यली. हे खोलीनं नाई मेलं, हे तुमच्यानं मेलं. क्लिप लावतानी बोटानं वरून जरासं दाबत जा."

प्रमिलाने तोंड फिरवलं. भाऊ छताकडे बघू लागले. सरांनी ती रोपं हातात घेतली, भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. दोन दिवसांनी सरांचा रिपोर्ट आला, इन-चार्ज म्हणून माझी सही हवी होती. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की हीलिंग प्रोटोकॉलमध्ये स्थानिक हवामानाप्रमाणे सुधारणा केली. छताचा उतार, मीटरची जागा, फॉगरचा वेळ, सगळं बरोबर. पहिल्या पानावर मात्र आधीच्या भेटीची नोंद तशीच होती. 'संभाव्य कारण: कामगारांची अस्वच्छता.' त्याच्यापुढे काही नाही. ते चुकीचं निघालं, असं कुठेच नव्हतं.

मी सही केली नाही.

भाऊ वैतागले. "ताई, झालं ना आता? सरांनी बोलून दाखवलं सगळ्यांसमोर. कागदाचं काय घेऊन बसल्या?"

"बोललेलं हवेत गेलं, भाऊ. हा कागद फाइलमध्ये राहणार. उद्या मी नसेन, तुम्ही नसाल, कोणी फाइल उघडेल आणि या पाच जणींबद्दल एवढंच वाचेल."

"अन् सरांनी नाई बदललं तं?"

"तर सहीशिवायच सरांना परत पाठवा. इन-चार्जने सही नाकारली, असं लिहा. का नाकारली, तेही मी खाली लिहून देते."

भाऊंनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. सर आधी म्हणाले की त्याने काय फरक पडतो. मी म्हणाले, फरक पडत नसेल तर लिहायला काय हरकत आहे? मग त्यांनी मलाच विचारलं, काय लिहू? मी वाक्य सांगितलं, त्यांनी ते तसंच टाकलं. 'ट्रायलनुसार कलम करणाऱ्या कामगारांच्या हातात किंवा पद्धतीत दोष आढळला नाही. वरील संभाव्य कारण रद्द.' मी सही केली. त्याची एक झेरॉक्स काढून शकुंतलाबाईला दिली. तिने ती प्रमिलाकडून दोनदा वाचून घेतली, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि कामाला बसली.

खोलीच्या छताला आता उतार आहे. फॉगर दिवसातून दोन-चारदाच चालतो. पहिले दोन दिवस लाइट बंदच. दर खेपेला काही रोपं जातात, ती जाणारच. पण मेलेला ट्रे सापडला की आता कोणी त्याचा रंग आधी बघत नाही, कोणत्या खणातला ते विचारतं. ठेकेदाराच्या मुली आल्या नाहीत. त्यांचाही काही दोष नव्हता. त्या आल्या असत्या तर त्यांचीही कलमं त्याच छताखाली कुजली असती आणि मग त्यांचे हात तपासले गेले असते.

मध्यंतरी एकदा भाऊंनी गमतीत विचारलं, "ताई, खरं सांगा, तवा सोडून गेल्या असत्या काय?"

"गेले असते."

"अन् मग?"

"मग तुमच्याकडे फॉगर राहिला असता. रोपं नसती."

या नोकरीत मी एवढंच शिकले. यंत्राची चूक शोधायला स्टूल टाकून तासभर बसावं लागतं. माणसाची चूक उभ्या उभ्या सापडते. म्हणून उभ्या उभ्या सापडलेल्या चुकीवर मी सही करत नाही.